गावच्या काजू बागायतदाराला शिकायला परदेशी पाठवायचं आहे. मंडळाची शिष्यवृत्ती कशी बांधावी?

सचिव_परळ

नमस्कार मंडळी. गाव वेंगुर्ले तालुक्यातलं, ग्रामस्थ मंडळ परळला. पुनर्विकासात मंडळाच्या खोलीचे पैसे आले. ते बँकेत आहेत आणि व्याजातून दर दोन वर्षांनी साधारण ८ लाख रुपये बाजूला काढता येतील. या रकमेतून गावातल्या एका शेतकऱ्याला शिकायला परदेशी पाठवायचं, असा ठराव सभेत झाला. ठराव एकमताने झाला, पण तो अमलात कसा आणायचा यावर तीन तट पडलेत.

एक तट म्हणतो, बीएस्सी ॲग्री झालेल्या मुलाला एमएस्सीला पाठवा. दुसरा म्हणतो, एकालाच कशाला, पाच जणांचा आठ दिवसांचा इस्रायल दौरा करा. तिसऱ्याचं म्हणणं, बागेत रोज उभा राहतो त्यालाच पाठवा, डिग्री असो वा नसो. मी तिसऱ्या तटातला. पण निवड कशी, किती दिवसांसाठी, पैसे कसे वाटायचे, परत आल्यावर गावाला काय मिळणार आणि ट्रस्टच्या पैशातून हे चालतं का, यातल्या एकाचंही धड उत्तर माझ्याकडे नाही. गावात मुख्य पीक काजू, त्याखालोखाल हापूस. बी विकली जाते, बोंडू (काजूचं फळ) बागेतच कुजतो.

---

लालमाती

सचिव साहेब, तुमच्या तटाच्या बाजूने जुना आणि भक्कम दाखला आहे. ब्रिटनमध्ये मॉरिस मोटर्सवाल्या लॉर्ड नफिल्ड यांच्या देणगीतून १९४७ पासून शेतकऱ्यांना परदेशी अभ्यासासाठी पाठवलं जातं. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, आयर्लंड अशा देशांतही ती पद्धत गेली. भारत त्याच्या सदस्य देशांत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करायचा प्रश्न नाही. पण बांधणी उचलण्यासारखी आहे. तिकडे डिग्री लागत नाही, उलट पूर्णवेळ विद्यार्थ्याला घेतच नाहीत. उमेदवार शेतीत किंवा शेतीशी थेट संबंधित कामात हवा आणि वय साधारण २२ ते ४५. विषय त्याने स्वतः निवडायचा, किमान आठ आठवडे परदेशात फिरायचं, दीडेक वर्षात लेखी अहवाल द्यायचा आणि भरसभेत उभं राहून तो मांडायचा. हे अहवाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. निवड समितीतल्या प्रत्येकाने निदान तीन तरी वाचावेत. चांगला अहवाल आणि सहलीचं वर्णन यातला फरक त्यातून लगेच कळतो.

यातून नेतृत्व कसं घडतं, हे सभेत विचारतीलच. माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा त्या शेवटच्या अटीचा आहे. परत येऊन शंभर जाणत्या शेतकऱ्यांसमोर उभं राहायचंय, हे माहीत असलेला माणूस फिरताना वेगळे प्रश्न विचारतो. यजमानाने "उत्पादन दुप्पट झालं" म्हटलं की तो फोटो काढून पुढे जात नाही. आधी किती होतं, पाणी किती वाढवलं, मजुरी किती, पहिल्या वर्षी झाडं किती मेली, हे खणत बसतो. दुसरा वाटा सोबतीचा. नफिल्डमध्ये स्वतःच्या अभ्यासाखेरीज काही आठवडे गटाने प्रवास असतो. त्यात दूधवाला, मेंढपाळ, भाजीवाला, धान्यवाला सगळे एकत्र. तुमचं पीक माहीत नसलेला माणूस "पण तुम्ही असं का करता?" असं विचारतो तेव्हा "आमच्याकडे पहिल्यापासून असंच" हे उत्तर चालत नाही. मंडळाला हा भाग परवडणार नाही. तो देशात भरून काढता येईल, ते खाली लिहितो.

एमएस्सीवाल्या तटाला नम्रपणे सांगा की त्या वाटेवर दुसरे दाते उभे आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतंय, के. सी. महिंद्रा ट्रस्ट बिनव्याजी देतो, आणि दोन्ही संस्था मुंबईतच आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तर भूमिहीन शेतमजुरांसाठीही जागा आहेत, आणि हे कोणाच्या कानावरच नसतं. गावात असं कोणी असेल तर त्याचा अर्ज मंडळाने भरून द्यावा, त्याला पैसे लागत नाहीत. परदेशी विद्यापीठाच्या फीपुढे मंडळाचे ८ लाख कुठेच पुरणार नाहीत. बागेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र यातलं कोणीच विचारत नाही. मंडळाने तीच जागा भरावी.

पाच जणांचा दौरा हा मंडळाचा विषय नाही. कृषी खात्याची परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे. खर्चाच्या ५० टक्के किंवा कमाल एक लाख, यातलं जे कमी ते अनुदान, असा नियम अनेक वर्षं होता. आकडा आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे चालू वर्षाचा शासन निर्णय तालुका कृषी अधिकाऱ्याकडे बघावा. ज्यांना बसमधून आठ दिवस बघायचंय त्यांनी तिथे अर्ज करावा.

आता शेतकरी जो प्रश्न घेऊन जाणार त्याबद्दल, कारण सगळी शिष्यवृत्ती त्यावर तरते किंवा बुडते. "ब्राझीलमधील काजू प्रक्रियेचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, ते फाइलचं नाव झालं. बोंडूचं उदाहरण घेऊ. बोंडूचं वजन बीच्या सहा-आठ पट असतं. म्हणजे टनभर बी विकणाऱ्या बागेत सहा-आठ टन फळ कुजतं. रस काढायचं यंत्र ही यातली अडचण नाही. फळ जमिनीवर पडलं की फुटतं आणि दिवसभरात आंबायला लागतं. रसासाठी ते झाडावरूनच हाताने उतरवावं लागतं आणि आपली जुनी झाडं उंच. ब्राझीलच्या सिएरा राज्यात एम्ब्रापाच्या (ब्राझीलची सरकारी शेती संशोधन संस्था) फोर्तालेझा इथल्या केंद्राने बुटक्या जातींवर काम केलंय. सीसीपी ७६ ही त्यातली प्रसिद्ध. झाड हाताच्या टप्प्यात आलं म्हणून बोंडू न दुखावता उतरवता येऊ लागला, म्हणून तो ट्रेमध्ये भरून पाच अंशाच्या आसपास ठेवून सुपरमार्केटात ताजा विकला जातो. थंडगार ठेवला तर तो दहा-पंधरा दिवस टिकतो. उरलेल्याचा रस. रसातला तुरटपणा, म्हणजे ती घशातली खवखव, टॅनिनमुळे येते. जिलेटिन घालून ते खाली बसवतात, गाळून बाटलीत भरतात आणि बाटली गरम पाण्यात ठेवून उकळवतात. हीच तिकडची काजुईना. साखर न घालताही रंग मधासारखा येतो, कारण रसातलीच साखर तापून तांबूस होते.

म्हणजे तुमच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न असा असेल: "झाडाची उंची किती ठेवली तर हातानं बोंडू उतरवणं परवडतं, एक माणूस दिवसाला किती किलो उतरवतो आणि तोडणीपासून दाबणीपर्यंत जास्तीत जास्त किती तास चालतात?" एवढा नेमका प्रश्न घेऊन गेलेल्याला यजमानही वेगळी वागणूक देतो. आणि ही उत्तरं कारखान्यात मिळत नाहीत, बागेत मिळतात. हे त्याला तिकडे जायच्या आधी कळलेलं असतं.

सहा आठवड्यांचा प्रवास धरून पैशांची वाटणी मी अशी करीन: निम्मे प्रवासाला, साठ-सत्तर हजार जाण्याआधीच्या तयारीला, साधारण तेवढेच तो नसताना बाग बघणाऱ्याला, आणि उरलेले अडीच-पावणेतीन लाख परत आल्यावर बागेत करायच्या प्रयोगाला. प्रयोगाचे पैसे आधी बाजूला काढले नाहीत तर ते उरत नाहीत. मग परत आलेला माणूस वर्षभर भाषणं देत फिरतो आणि बागेत काही होत नाही. बाग बघणाऱ्याचे पैसे म्हणजे उधळपट्टी असं सभेत वाटेल. पण ते नसतील तर सहा आठवडे घर सोडू शकणारा माणूस म्हणजे ज्याची मुळात शेतीवर भिस्त नाही तोच, आणि निवड तिथेच चुकते.

---

पाटाचं_पाणी

लालमातींच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण क्रम उलटा लागतोय. ब्राझील नंतर. आधी वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र, जे या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती तिथल्याच. मग कर्नाटकात पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय, मग गोव्यात फेणीसाठी बोंडू कसा गोळा होतो ते. फेणीला पडलेलं फळ चालतं, कारण ते आंबवायचंच असतं. म्हणून गोव्याची पद्धत रसाला जशीच्या तशी लागू होत नाही. हा फरक ज्याला तिथे उभं राहून स्वतः कळला तो पुढे जाण्यालायक. रस निवळायला साबुदाण्याची पेज घालायची पद्धत आपल्याकडेही आहे. ती माहीत नसताना जिलेटिन शिकायला फोर्तालेझाला जाणं म्हणजे पैशाची नासाडी.

हापूसवाल्यांनाही हेच. इस्रायलला जायचंच असेल तर आधी दापोलीचं भारत-इस्रायल आंबा गुणवत्ता केंद्र बघा. दहा बाय दहा मीटरला हेक्टरी १०० झाडं बसतात, पाच बाय पाचला ४००. पण हापूसची छाटणी चुकली तर त्या ४०० झाडांचं चौथ्या-पाचव्या वर्षापासून जंगल होतं, आत ऊन जात नाही आणि मोहोर फक्त शेंड्याला. निर्यात शिकायला तर मुंबईबाहेरही जावं लागत नाही. वाशीला पणन मंडळाच्या सुविधा आहेत. जपानसाठी बाष्प उष्णता प्रक्रिया आणि अमेरिकेसाठी विकिरण, दोन्ही तिथे. सीझनमध्ये दोन दिवस उभं राहिलं की माल नाकारला जातो तो कशामुळे, हे डोळ्यांसमोर दिसतं.

सरळ नियम करा: देशातली तीन ठिकाणं बघून प्रत्येकी दोन पानं लिहून दिल्याशिवाय पासपोर्टला हात लावायचा नाही. अर्धे उमेदवार इथेच गळतील, आणि गळावेत.

---

लालमाती

मान्य. मी तयारीचे साठ-सत्तर हजार म्हटले ते यासाठीच. आणि नफिल्डमधला गटप्रवास इथेच भरून निघतो. पुत्तूरला एकट्याला पाठवू नका. सोबत एक आंबावाला, एक भातवाला, एक प्रक्रिया गटातली बाई पाठवा. परतीच्या गाडीत होणारं भांडण हाच अभ्यास समजा.

---

हिशेबनीस_गिरगाव

पैसे कायद्याने कसे द्यायचे तेवढं सांगतो.

मंडळ सार्वजनिक न्यास असेल तर आधी घटना काढून उद्देश वाचा. "शिक्षणासाठी शिष्यवृत्ती" हे शब्द आहेत का? बहुतेक जुन्या ग्रामस्थ मंडळांच्या घटनेत देऊळ, उत्सव, वैद्यकीय मदत आणि "विद्यार्थ्यांना वह्यावाटप" एवढंच असतं. उद्देश नसेल तर घटनादुरुस्ती आणि वरळीच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हे महिन्यांचं काम आहे, निवडीच्या आधी सुरू करा.

आयकर सवलत घेणाऱ्या ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च सवलतीत धरला जात नाही. त्याला प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. म्हणून मंडळाने परदेशी यजमानाला, हॉटेलला किंवा विद्यापीठाला थेट पैसे पाठवू नयेत. शिष्यवृत्ती भारतात, रुपयांत, शेतकऱ्याच्या बँक खात्यात द्यावी आणि पुढचा खर्च त्याने स्वतः करावा. तरीही यावर वाद होतात. ठरावाची भाषा आणि मंजुरीपत्र तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

सगळ्यात मोठा खड्डा नात्याचा. विश्वस्त, मोठा देणगीदार किंवा त्यांच्या नातेवाइकाला लाभ गेला तर सवलत धोक्यात येते. कायद्याच्या व्याख्येत पुतण्या आणि भाचा नातेवाईक आहेत, चुलतभाऊ नाही. अर्धं गाव एकाच आडनावाचं असतं, त्यामुळे प्रत्येक अर्जासोबत विश्वस्तांशी काय नातं आहे याचं स्वयंघोषणापत्र घ्या. ज्याचं नातं निघेल तो विश्वस्त निवडीच्या बैठकीतून उठला, हे इतिवृत्तात लिहा. आणि जातीवर किंवा भावकीवर अट ठेवू नका, देणगीदारांची करसवलत अडचणीत येईल.

हप्ते तीन करा. ६० टक्के जाण्याआधी, २५ टक्के लेखी अहवालानंतर, १५ टक्के प्रयोगाची पहिली नोंदवही दाखवल्यावर. "परत आला नाहीस तर पैसे भर" असा बॉण्ड लिहून घ्यायचा मोह होतो. तो कोर्टात वसूल करायला किती वर्षं आणि किती वकील लागतात याचा अंदाज घ्या आणि सोडून द्या. हातात ठेवलेला हप्ता बॉण्डपेक्षा जास्त काम करतो.

---

खळ्यावरची

सगळे निवडीबद्दल बोलताय, पण "शेतकरी" कोणाला म्हणायचं हे कोणी सांगितलं नाही. सचिव दादा, अर्जात सातबाऱ्याची अट घातलीत तर काय होईल ते आत्ताच सांगते. कोकणातले सातबारे सामाईक. एका गट नंबरावर बारा-पंधरा नावं, त्यातली निम्मी गिरणी कामगार म्हणून आलेल्या आजोबांच्या नातवांची, जी आज डोंबिवली-विरारला राहतात. जी वहिनी पहाटे उठून काजू वेचते तिचं नाव त्या उताऱ्यावर नसतं. सातबारा मागितला की तुमच्या मंडळाचे सभासदच पात्र ठरतात आणि बाग राखणारी अपात्र.

सातबाऱ्याऐवजी प्रत्यक्ष कसणाऱ्याचे पुरावे मागा. ई-पीक पाहणीची नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला, मागच्या तीन सीझनच्या काजू विक्रीच्या पावत्या किंवा बचत गटाच्या खात्यात आलेली रक्कम. आणि प्रयोगासाठी जमीन लागणारच, म्हणून सहहिस्सेदारांचं साध्या कागदावर संमतीपत्र: ही वीस झाडं तीन वर्षं हिच्या ताब्यात राहतील, फळ तिचं. हे आधी घ्या. परत आल्यावर घ्यायला गेलात तर मुंबईतला एखादा काका हटकून आडवा येतो.

निवडीची पद्धतही मुलाखतीची नको. मुलाखतीत बोलका जिंकतो. समितीने उमेदवाराच्या बागेत जावं आणि तीन गोष्टी बघाव्यात. वहीत काहीतरी लिहिलेलं आहे का, निदान कधी काय फवारलं, किती बी निघाली. मागच्या पाच वर्षांत स्वतःहून काही करून पाहिलंय का, फसलं तरी चालेल, पण का फसलं ते सांगता येतंय का. आणि तिसरं, शेजाऱ्यांना विचारा की अडलं तर ते हिच्याकडे जातात का. नेतृत्व तुम्ही परदेशातून आणणार नाही आहात, ते थोडंफार इथे असायला लागतं. प्रवासाने ते गावाबाहेर चार लोकांत उभं राहायच्या लायकीचं होतं, इतकंच.

भाषेचं विचाराल तर सिएरात पोर्तुगीज चालते, इंग्रजी येणारा शेतकरी तिथेही क्वचित. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून बाई मागे पडायचं कारण नाही. दुभाष्या दोघांनाही लागणारच. फोर्तालेझात सिएराचं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथला शेतकीचा विद्यार्थी दिवसाच्या मानधनावर बघा. मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप बागेत नेटवर्क नसलं की अडतं, म्हणून ऑफलाइन शब्दसंच इथूनच उतरवून घ्यायचा. झाड, फांदी, छाटणी, मजुरी, तुरट, गाळणी अशा साठ-सत्तर शब्दांची वही हाताने केलेली बरी.

---

सचिव_परळ

ताई, सातबाऱ्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. अर्जाचा मसुदा आज बदलतो. एक शंका. पैसे तेवढेच ठेवून एकाऐवजी दोघांना तीन-तीन आठवडे पाठवलं तर? एक बागवाला आणि एक प्रक्रिया गटातली. बोंडूचा प्रश्न दोघांत वाटलेला आहे.

---

लालमाती

तिकिटांचाच खर्च दुप्पट होतो आणि मुक्काम निम्मा. लांबच्या देशाला हे परवडत नाही. पहिला आठवडा सगळे यजमान चांगलंचुंगलं दाखवतात. दुसऱ्या आठवड्यात ओळख झाली की बिघडलेलं दाखवतात, आणि शिकण्यासारखं बहुतेक तिथेच असतं. तीन आठवड्यांत हाताशी एकच खरा आठवडा उरतो.

जोडीने पाठवायचंच असेल तर व्हिएतनामचा विचार करा. जगात काजू प्रक्रियेत तो पुढे आहे, अंतर कमी, तिकीट स्वस्त. पण तिथला धडा बीचा आहे, बोंडूचा नाही. आफ्रिकेतून, कंबोडियातून कच्ची बी आणून सोलण्याचा तो धंदा आहे. म्हणजे प्रश्न बदलेल. प्रश्न पैशाला बसवायचा नाही, पैसे प्रश्नाला बसवायचे.

नेतृत्वच मुख्य मानत असाल तर एक वेगळी वाट आहे. जपानमध्ये तोचिगी प्रांतात १९७३ पासून एशियन रूरल इन्स्टिट्यूट चालतं. आशिया-आफ्रिकेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना तिथे एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने सेंद्रिय शेती करत करत नेतृत्वाचं शिक्षण देतात. संस्था ख्रिस्ती पायावर उभी आहे, पण घेतात सर्व धर्मांचे लोक. शेतातल्या गटाचं पुढारपण आळीपाळीने प्रत्येकाकडे येतं, भांडी घासण्यापासून डुकरांच्या खाद्यापर्यंत. बरेच जण शिष्यवृत्तीवर असतात. अर्जामागे पाठवणारी संस्था लागते, म्हणजे ते काम तुमचं मंडळ करू शकतं. अडचणी दोन: शिकवणं इंग्रजीतून, आणि नऊ महिन्यांत काजूचा शेवटचा तोडा आणि अख्खा भाताचा हंगाम जातो. त्यामुळे घरात दुसरा कसणारा असलेल्याच कुटुंबाला जमेल.

---

व्हिसाखिडकी

प्रवासाच्या बाजूने जे हमखास अडतं ते लिहितो, कारण उशीर झाला की तिकडचा हंगाम निघून जातो. आपला काजू साधारण फेब्रुवारी ते मे, सिएराचा ऑगस्टनंतर डिसेंबरपर्यंत. वेळ जुळते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे पोचायचं तर कागदांना मार्चमध्ये लागा.

शेतकऱ्याचं पहिलं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्न भरलेला नसतो, आणि व्हिसाच्या यादीत मात्र रिटर्न मागतात. उपाय म्हणजे रिटर्न भरायचा, कर शून्य आला तरी. शेतीचं उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर १ चालत नाही, २ घ्यायचा आणि उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवायचं. सोबत विक्रीच्या पट्ट्या, किसान क्रेडिट कार्डाचं खातं, सहा महिन्यांचं बँक विवरण आणि मंडळाचं लेटरहेडवरचं पत्र: खर्च कोण करतंय, किती दिवस, परत येऊन काय करणार. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम पाच लाख जमा झालेले दिसले की शंका घेतात. पहिला हप्ता दोन-तीन महिने आधी द्या.

दुसरं नाव. पासपोर्टवर एक, रेशनकार्डावर दुसरं, पावत्यांवर "आबा". तिन्हीत मेळ नसेल तर आधी प्रतिज्ञापत्र, मग अर्ज.

तिसरं मार्ग. फोर्तालेझाला मुंबईहून थेट विमान नाही. स्वस्त तिकीट बघून युरोपातून दोन विमानं बदलणारा मार्ग घेतला आणि दोन्ही विमानतळ शेंगेन देशांतले (युरोपातला एकाच व्हिसाचा गट) निघाले, तर मधला प्रवास शेंगेनच्या आत धरला जातो आणि वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईतच बोर्डिंग नाकारतात. दुबई किंवा दोहामार्गे साओ पाउलो आणि पुढे देशांतर्गत, हा मार्ग सरळ. ब्राझीलचं महावाणिज्य दूतावास मुंबईतच आहे, ही सोय.

चौथं, आणि हे ट्रॅव्हल एजंटसुद्धा विसरतात: पीतज्वराची (यलो फीवरची) लस. ब्राझीलला जाताना कोणी अडवणार नाही, परत येताना भारत अडवतो. पीतज्वराच्या देशातून लशीच्या दाखल्याशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग तो आयुष्यभर चालतो. सहारला विमानतळ आरोग्य संस्थेकडे मिळते, वेळ आधी घ्यावी लागते.

पाचवं, पिशवी. बुटक्या काजूच्या कलमाची काडी, बी, मातीचा नमुना, काही म्हणजे काही आणायचं नाही. आयात परवाना आणि पादप स्वच्छता प्रमाणपत्राशिवाय ते बेकायदा आहे, आणि रोग आला तर अख्ख्या तालुक्याला. जात हवी असेल तर ती संशोधन संस्थेमार्फत, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या परवानगीनेच येऊ शकते. वर्षं जातात, जाऊ देत. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला कोणी निघालं तर तिथे उतरताना अलीकडे शेतावर गेला होतात का हे विचारतात. "हो" लिहायचं आणि बूट घासून धुतलेले असायचे. खोटं लिहिलं तर दंड.

---

पाटाचं_पाणी

यंत्राचंही लिहा कोणीतरी. तिथला ज्यूस प्रेस आवडला म्हणून ऑर्डर देऊन येतात. ब्राझीलची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. तिथली मोटर इथे जोडली की जवळपास सतरा टक्के हळू फिरते आणि तापते. गाळणीचा दाब, पंपाचा प्रवाह, सगळं बिघडतं, आणि सुटा भाग महिन्याने येतो. मापं घ्या, फोटो घ्या, जाळीची छिद्रं मोजा, आणि यंत्र कुडाळच्या किंवा कोल्हापूरच्या कारागिराकडून करून घ्या.

---

सचिव_परळ

उत्तम. शेवटचं विचारतो. परत आल्यावरचा प्रयोग नेमका कसा असावा? बुटकी जात तर आणता येणार नाही.

---

लालमाती

तेच बरं. जात आणता येत नाही म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं, आणि नवीन काही निघतं ते तिथेच.

वीस झाडं घ्या, एकाच वयाची, एकाच जातीची. दहा नेहमीसारखी ठेवा. दहांची उंची मे अखेरच्या तोडणीनंतर आणि पाऊस धरायच्या आत कमी करा. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर बुरशी शिरते. एकदम निम्मं झाड उतरवू नका, दोन वर्षांत टप्प्याने करा. पहिल्या वर्षी बी घटणार, हे वहीत आधीच लिहून ठेवा म्हणजे गाव हसलं तरी प्रयोग बंद पडत नाही. दर तोडणीला चार आकडे: किती किलो बोंडू हाताने उतरवला, किती माणसांचे किती तास, तोडणी ते दाबणी किती तास, किलोला किती रस. आंब्याचा झेला (काठीला जाळी लावलेलं तोडणीचं साधन) थोडा लहान करून उंच झाडांवरही वापरून बघा, कदाचित छाटणीची गरजच पडणार नाही. तसं निघालं तर अहवालात तसंच लिहायचं.

सभा गणपतीत ठेवू नका. गर्दी असते, पण झाडावर काही नसतं आणि सगळ्यांचं लक्ष आरतीच्या वेळेकडे. शिमग्याला ठेवा. चाकरमानी गावात असतात आणि बोंडू झाडावर असतो. भाषण अर्धा तास, मग सगळ्यांना त्या वीस झाडांखाली न्या आणि दोन्ही ओळींतला बोंडू उतरवायला लावा.

---

खळ्यावरची

आणि वही बघायला मागा, फोटो नको. मोबाइलमधले फोटो दोन वर्षांनी सापडत नाहीत.